ओसरीचे वेगळे छप्पर

ताईचे घर ओडिशाच्या किनाऱ्यावर आहे. घरातून समुद्र दिसत नाही, मध्ये सुरूची झाडे आहेत. आवाज मात्र येतो. आमचे वडील नागपूरहून रेल्वेच्या बदलीवर रायपूरला आले आणि इथेच राहिले. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, रेल्वेच्याच बदलीवर रायपूरहून पूर्वेकडे गेले आणि तिकडेच राहिले. निवृत्तीच्या आधी त्यांनी ते घर बांधले. विटांच्या भिंती, तीन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, समोर ओसरी. ते वारल्यावर ताई तिथे एकटी राहत होती. दिवाळीनंतर आलेल्या चक्रीवादळात घराचे छप्पर उडाले. भिंती राहिल्या.

ती रायपूरला आली, समता कॉलनीत मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, फ्लॅटवर. छप्पर झाले की परत जायचे, असे तिने आल्या दिवशीच सांगितले. मुलाला ती जायला नको होती. तो हे उघड बोलला नाही. तो एवढेच म्हणायचा की छपराचा निर्णय घाईत घ्यायचा नसतो.

निर्णयासाठी मला बोलावण्यात आले. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. माहिती गोळा करणे हे माझे काम आहे, असे घरच्यांना वाटते. दुपारी ड्यूटीवर जाण्याआधी मी शंकर नगरहून समता कॉलनीत जायचो, चहा घ्यायचो आणि काय काय कळले ते सांगायचो. भाचा घरून काम करत असेल तर लॅपटॉप बंद न करता ऐकायचा. ताई मटार सोलत असायची.

कळले होते ते असे. स्लॅब वजनाने जागच्या जागी राहते, वारा तिला उचलू शकत नाही. पण जुन्या भिंती तिचे वजन पेलतील याची खात्री कुणी देईना. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे खाली पडू लागतात. कवेलू, म्हणजे कौल, उन्हाला चांगले, पण एक निघाले की वाऱ्याला आत शिरायला वाट मिळते आणि मागची ओळ जाते. सिमेंटचा पत्रा उडून आलेल्या फांदीनेही फुटतो. लोखंडी पत्रा हलका. नीट जखडला तर टिकतो, नाहीतर सगळ्यांत आधी जातो, आणि जिथे कापला तिथून मीठ त्याला खाऊ लागते.

बातमी असती तर मी चार बाजू चार परिच्छेदांत दिल्या असत्या आणि पान छपाईला सोडले असते. इथे एक बाजू निवडायची होती. ती कुणी निवडत नव्हते.

भाचा हिंदीत बोलतो. मराठी त्याला सगळी कळते, उत्तर हिंदीत येते. "स्लॅब डालना है तो दीवारें भी नई चाहिए, मामा," तो म्हणायचा. "दीवारें नई, तो घर ही नया हुआ. और नया ही बनाना है, तो वहां क्यों?"

या प्रश्नापाशी रोजचे बोलणे थांबायचे. मी घड्याळ पाहायचो आणि उठायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

असे बरेच आठवडे गेले. थंडी संपत आली. एकदा ताईने मटाराचे ताट बाजूला ठेवले.

"तुम्ही दोघं छप्पर पाहून राहिले का मले पाहून राहिले?"

"तुझ्यासाठीच चाललंय ना, ताई," मी म्हणालो.

"हव. म्हणूनच तं विचारून राहिले. एवढ्यात तं सरकारनं पूल बांधला असता."

"पुल गिर भी जाता," भाचा म्हणाला. ती हसली. तोही हसला. पण रविवारी पत्र्याच्या दुकानात जायचे, हे त्यानेच ठरवले. उन्हाळ्यातली वादळे मे महिन्यात सुरू होतात, त्याच्या आत काम व्हायला हवे, एवढे त्यालाही मान्य करावे लागले.

रायपूर लोखंडाचे गाव आहे. पत्रा कुठे मिळतो हे इथे विचारावे लागत नाही. आम्ही गेलो ते दुकान कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. बाहेर रंगीत पत्र्यांचे थर, आत पंखा, पंख्याखाली मालक.

"कहां लगाना है?" त्याने विचारले.

"समुद्र के पास. ओडिशा."

"तो भैया, मोटा लो और कोटिंग वाला लो. उधर हमारा माल बहुत जाता है." थोडे थांबून तो म्हणाला, "हर साल जाता है."

ही जाहिरात होती की इशारा, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

त्याने घराची मापे विचारली आणि एका बिलाच्या पाठीवर आकृती काढली. घराच्या वरच्या आढ्यापासून थेट ओसरीच्या पुढच्या खांबापर्यंत एकच लांब पत्रा. "एक ही लेंथ में परछी भी कवर. बीच में जोड़ नहीं, तो टपकेगा नहीं." छत्तीसगडमध्ये ओसरीला परछी म्हणतात.

भाच्याने पेन्सिल घेतली आणि पत्रा ओसरीच्याही पुढे तीन फूट वाढवला. "मम्मी दोपहर को वहीं बैठती है. धूप नहीं आनी चाहिए."

इतक्या आठवड्यांत त्याने ताईला त्या घरात बसलेली पहिल्यांदाच पाहिले होते, निदान आकृतीत. आकृती मलाही पटली होती. आमच्याकडे घरे अशीच असतात. मे महिन्यात भिंतीला हात लावता येत नाही, म्हणून छप्पर जेवढे पुढे येईल तेवढे चांगले समजतात. शंकर नगरच्या आमच्या गॅलरीवरही असाच पत्रा आहे. अंधड, म्हणजे उन्हाळ्यातले धुळीचे वादळ, येते तेव्हा आम्ही त्यावर विटा ठेवतो.

दुकानातून भाच्याने ताईला फोन लावला. "मम्मी, कलर कौन सा? लाल, नीला, हरा?"

"कोणताही," ती म्हणाली.

निळा ठरला.

घरी आल्यावर त्याने आकृती तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिले. मग बोट ठेवले ते ओसरी आणि घर यांच्या मधल्या रेघेवर. तिथे रेघ एकसंध होती.

"हे असंच होतं," ती म्हणाली.

"क्या?"

"तुझ्या बाबांनी हेच केलं होतं. ओसरी नंतर काढली आणि घराच्याच पाइपाले बांधून टाकली. एकच छप्पर. लोक म्हणत, काय झकास दिसून राहिलं."

मग तिने वादळानंतरचे सांगितले. आम्ही ते आधी ऐकले नव्हते. आम्ही नुकसान किती झाले ते विचारले होते, कसे झाले ते नाही. वादळाच्या आदल्या दिवशी गावातल्या सगळ्यांना शाळेच्या इमारतीत नेले होते. ती परत आली तेव्हा घरावर आकाश होते. बाकी गावात पत्र्यांचे तुकडे पसरलेले होते. तिच्या छपराचा पाइपांचा सांगाडा शेताच्या पलीकडे जवळजवळ अख्खा पडला होता, फुटलेले पत्रे त्याला बांधलेलेच, आणि ओसरीचे दोन खांब त्याला अजून लटकत होते.

"ओसरीच्या खालून वारा शिरला. बाहेरून उघडीच ना ती. ती उठली, आणि घराचं छप्पर तिच्यासंगं गेलं. ओढून नेलं तिनं."

"ताई, हे तू आधी काहून नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं? तुम्ही मले रंग विचारला."

भाचा खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसला. ताईने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. तिने घराचे पत्रे भिंतीपाशी संपवले, वळचण वीतभर ठेवली. छप्पर दोन पाख्यांचे होते, ते चार पाख्यांचे केले, म्हणजे वारा कुठूनही आला तरी त्याला उभी बाजू मिळणार नाही. छपराचा प्रत्येक पाइप लोखंडी पट्टीने भिंतीत खोल जखडायचा आणि कडेला स्क्रू दाट मारायचे, हे तिने नुसते सांगितले. तिच्या गावात ज्यांची छपरे राहिली त्यांची अशी होती. मग घरापासून सुटी, खालच्या उंचीवर, स्वतःच्या खांबांवर उभी अशी ओसरी काढली. मध्ये हात जाईल एवढी फट.

"इथून पाणी गळेगा," भाचा म्हणाला. घाईत त्याच्या तोंडून अर्धी मराठी आली.

"गळू दे. बादली ठेवीन. हे एकमेकांले लागलं नाही पाहिजे. ओसरी गेली तं एकटी जाऊ दे."

"मतलब उड़ जाएगी, ये मान के बना रही हो?"

"हव."

"और तुम?"

"मी शाळेत. खिचडी देतात. तुझ्यापेक्षा बरी करतात."

तो हसला नाही. "यहां दिक्कत क्या है, मम्मी? सच बताओ."

ताईने चष्मा काढला. "दिक्कत काही नाही रे. गॅस तू लावतो, दार तू लावतो, भाजी फोनवर येते. सकाळी उठल्यावर काय करावं, तेच मले समजत नाही. तिथं दुपारी पोट्ट्या येतात शिवण शिकायले. ओसरीतच बसतात. वादळाच्या आधी मशिनी आपापल्या घरी न्या म्हटलं होतं, तं नेल्या. आता विचारून राहिल्या, मावशी कधी येते."

"उसी परछी में, जो उड़ेगी?"

"त्याच परछीत."

मला ड्यूटीला उशीर झाला होता. निघताना मी दोघांना अजून जमिनीवरच पाहिले, मध्ये तो कागद.

मोटा, कोटिंगवाला, निळा पत्रा ओडिशाला गेला. भाच्याने सुटी काढली आणि ताईबरोबर तो गेला. तिथले काम होईपर्यंत राहिला. परत आला तेव्हा रापला होता. छप्पर कसे झाले, असे मी विचारले. "जैसा मम्मी ने बोला," एवढेच म्हणाला. ताई फोनवर म्हणाली की तो रोज शिडीवर चढून प्रत्येक स्क्रू हाताने हलवून पाहायचा आणि मिस्त्री वैतागला होता.

मे महिना काही न होता गेला. पाऊसकाळ गेला. दिवाळीच्या सुमारास पुन्हा बंगालच्या उपसागरात हालचाल सुरू झाली.

किनाऱ्यावरची वादळे रायपूरला येतात, पण येईपर्यंत थकलेली असतात. इथे दोन दिवस ढग, बारीक पाऊस, गार वारा. लोक कपाटातून स्वेटर बाहेर काढतात. शेतात कापून ठेवलेला धान भिजतो. डेस्कवर आम्ही वाऱ्याचा वेग, दिशा, रद्द झालेल्या गाड्या एवढे लावतो. त्या दिवशी मी हेच लावत होतो. ताई आदल्या दिवशीच शाळेत गेली होती, तेवढे कळले होते. त्यानंतर तिचा फोन लागत नव्हता.

भाचा दर थोड्या वेळाने विचारत होता. "मामा, वहां का कुछ आया?"

माझ्याकडे जिल्ह्याचे नाव आले होते. गावाचे नाव आले नव्हते. बातमीत लिहिले होते की काही घरांची छपरे उडाली. मी ते 'काही' तसेच ठेवले. त्याहून नेमके माझ्याकडे काही नव्हते. भाच्याला मी जे होते तेच वाचून दाखवले. "काही मतलब कितने?" त्याने विचारले. मी म्हणालो, माहीत नाही. तो फोन न ठेवता थांबला, मीही थांबलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला, दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवरून. आवाज बसलेला होता.

"घर आहे," ती म्हणाली. "ओसरी गेली."

"कुठं?"

"तळ्यात आहे बहुतेक. पाणी उतरलं की पाहू. घराले खरचटलंसुद्धा नाही."

"तू?"

"मी काय. झोप नाही झाली. शाळेत पोट्टेसोट्टे रडत होते. आता जाऊन झोपते."

घरात जाऊन झोपते, असे ती म्हणाली. हे भाच्याला सांगायला मी समता कॉलनीत गेलो. त्याच्याशी ती आधीच बोलली होती. तो खिडकीशी उभा होता. बाहेर तिकडचाच उरलेला पाऊस पडत होता. आता तो म्हणेल की बस झाले, तिला घेऊन या, अशी माझी अपेक्षा होती. काय उत्तर द्यायचे हे मी रिक्षात ठरवत आलो होतो.

"चलो, मामा," तो म्हणाला. "दुकान सात बजे बंद होती है."

दुकानात मालकाने आम्हाला ओळखले. भाच्याला ओसरीची लांबी-रुंदी पाठ होती. त्याने मापे सांगितली, निळा पत्रा सांगितला, वळचण वीतभर सांगितली.

"परछी का?" मालकाने विचारले. "घर वाले से जोड़ दूं? एक ही लेंथ, मजबूत रहेगा."

"नहीं. अलग."

"पिछली बार भी आपने अलग ही लिया था." मालकाने पेन खाली ठेवले. "उड़ गई ना?"

"हां, उड़ गई," भाचा म्हणाला. "वैसी ही दे दो."

मालकाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.