गच्चीवरची मधली जागा

सोसायटीच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर परवा उतरवला आणि कितीतरी वर्षांनी तिथलं कुलूप निघालं. वर गेलो. तापलेल्या कोब्याचा वास आला आणि नव्वदच्या दशकातली वाशीतली एक सकाळ आठवली.

मी तेव्हा एका मोबाइल कंपनीत होतो. कंपनीत नुकताच परदेशी भागीदारांचा पैसा आला होता. त्यांचा गोरा इंजिनिअर टॉवरसाठी आमची गच्ची बघायला आला, तर मधल्या सगळ्या जागेत जुन्या साड्यांवर आईच्या कुरडया.

"त्याला सांग, बूट काढून ये," आई म्हणाली. तो मुकाट अनवाणी झाला आणि चटक्यांनी नाचायला लागला. आईने हसत त्याला सावलीत बसवलं, गरम चिकाची वाटी दिली, वर कावळे हाकायला काठीही दिली. त्याने मन लावून हाकले.

"टॉवर झाला की तू कुठूनही फोन करशील ना मला?" आईने विचारलं. मी हो म्हणालो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला हात तिनेच वर केला.

पुढच्या उन्हाळ्यात गच्चीला कुलूप लागलं. कुरडया विकतच्या आल्या. फोन मात्र मी रोज करायचो, ती होती तोवर.

आज गच्ची मोकळी आहे. ऊनही तसंच आहे. मी चपला काढल्या आणि कडेकडेने चाललो, मधली जागा सोडून.