मोरीच्या पाइपातली हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आई जायच्या आधी तिच्या उशाशी इतके दिवस बसले होते, तिलाही नाही. प्रार्थनेतसुद्धा या गोष्टीपाशी आले की मी वाट बदलते — रस्त्यात कुत्रं बसलेलं दिसलं की आपण पलीकडून जातो ना, तशी. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कोल्हापूरच्या कडेला, घरं संपून ऊस सुरू होतो तिथं, एका जुन्या बंगल्यात वर्षभराचं बायबल शिक्षण चालायचं. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं. एका पंगतीत बसू एवढ्याच आम्ही मुली. सकाळी प्रार्थना, मग जुना करार, नवा करार, जेवण — आणि जेवणानंतर मौन. मोबाइल ऑफिसच्या कपाटात. भर दुपारी, सगळं गाव डोळा लावतं त्या वेळी, प्रत्येकीनं आपापल्या कोपऱ्यात शास्त्र उघडून गप्प बसायचं आणि ऐकायचं. काय ऐकायचं, ते कुणी सांगत नसे.

मी मंगळवार पेठेतली. आजोबा पाळक होते. वचनं मला तोंडपाठ. सगळे धरूनच चालायचे की हिला पाचारण झालेलं आहे, म्हणजे देवानं हिला आपल्या कामासाठी बोलावलेलं आहे. खरं सांगू? मला कधीच काही ऐकू आलं नव्हतं. मौनात ऐकू यायचा तो पंखा, आणि उसाच्या पात्यांची सळसळ. ती सळसळ वारा नसतानाही यायची. बाकीच्या मुली डोळे मिटून हसऱ्या चेहऱ्यानं बसायच्या. मीही तसा चेहरा करून बसायचे.

करुणा आमच्यात सगळ्यात लहान. शिरोळकडची. घर बौद्ध, वडील शिंपीकाम करायचे. घरात ही एकटीच या वाटेला आलेली. वडिलांना ते आवडलं नव्हतं, तरी स्वतः सोडायला आले. फाटकापाशी मला म्हणाले, "मला ह्यातलं काय कळत न्हाय, बाळ. पन पोरीला बरं वाटतंय न्हवं? मग झालं. तू जाणती दिसतीस. ध्यान ठेव तिच्याकडं."

मी हो म्हणाले.

करुणा बोलायची गावाकडच्या बायांसारखी, 'मी आलो, मी बसलो' अशी. प्रार्थनासुद्धा तशीच करायची, शेजारच्या माणसाशी बोलल्यासारखी. सर वर्गात म्हणाले, प्रार्थना शिकायची तर हिच्याकडून शिका. मी मान डोलावली. आजोबा पाळक माझे, आणि शिकायचं हिच्याकडून. त्याच आठवड्यात सरांनी जुन्या करारातली गोष्ट शिकवली — मंदिरात झोपलेल्या पोराला नावानं हाक येते, तो म्हाताऱ्या याजकाकडं पळत जातो, याजक म्हणतो मी नाही मारली. तिसऱ्यांदा याजकाला उमगतं की हाक कुणाची आहे. करुणानं हात वर केला. "सर, अजून बी अशी हाक येती व्हय?" मुली हसल्या. सर हसले नाहीत. "येते," म्हणाले.

त्या बंगल्यात वरच्या मजल्यावर एक लहान खोली होती. पूर्वीचं न्हाणीघर. करुणा मौनाला तिथं बसायची. कोपऱ्यातलं मोरीचं भोक तसंच होतं, त्याच्यापुढं गाण्यांच्या पुस्तकांची पेटी सरकवलेली. त्या मोरीचा जुना पाइप खाली स्वयंपाकघरामागं, भांडी घासायच्या पत्र्याखाली येऊन तुटलेला. त्या आठवड्यात भांड्यांची पाळी माझी होती, आणि पाळी असेल तिनं मौन तिथंच पाळायचं. मी दगडावर टेकले, आणि माझ्या खांद्यापाशी कुणीतरी बोललं.

करुणा होती ती. वर बसून पुटपुटत होती, आणि तिचा आवाज पाइपातून उतरत होता, अगदी कानाशी. ती म्हणत होती, "ताईला बी कायतरी ऐकू येऊ दे. ती लई एकटी हाय."

मी एकदाच, तिच्याशीच, बोलून गेले होते की मला काही ऐकू येत नाही. आणि ही माझी कीव करत होती.

मी वाकले. पाइपाला तोंड लावलं आणि हळूच म्हणाले — "करुणा."

वरचं पुटपुटणं थांबलं. मग जिन्यावर पावलं. ती धापा टाकत मागच्या दारात आली. "ताई, मला हाक मारलासा?"

"नाही गं," मी म्हणाले. माझ्या हातात राखेनं भरलेला कुंडा होता.

त्या दिवशी मी पुरे करायला हवं होतं. चेष्टा म्हणून ते खपलंही असतं. पण दुसऱ्या दुपारी मी पुन्हा हाक मारली. पुन्हा ती खाली आली. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्या अंगावर काटा होता, मला दिसत होता. आणि मी — ऐका, मी काय केलं — तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "परत आली तर खाली येऊ नकोस. म्हण, बोला, मी ऐकतेय." हाक मारणारी मी, आणि कौल सांगणारी म्हातारी याजकही मीच.

त्यानंतर ती खाली आली नाही. वर बसून "बोला, मी ऐकतोय," म्हणायची आणि मी पाइपापाशी तिचा श्वास ऐकत बसायचे. बहुतेक दिवस मी बोलायचेही नाही. पाळी बदलायची वेळ आली तर मुलींना म्हणायचे, राहू दे, भांडी मीच घासते. सगळ्यांना माझी नम्रता वाटली.

मग पाऊस लागला. पंचगंगा चढायला लागली तेव्हा करुणाच्या वडिलांचा सरांच्या मोबाइलवर फोन आला. आईचा दम वाढलाय, येऊन जा म्हणावं. रस्ता तेव्हा चालू होता. एसटी जात होती. सर तिला म्हणाले, प्रार्थना कर आणि ठरव. त्यांच्या दृष्टीनं ते नेहमीचंच वाक्य होतं.

दुपारी ती वर गेली. मी पत्र्याखाली जाऊन बसले. पत्र्यावर पाऊस इतका की बाकी काही ऐकू येऊ नये. पण पाइपातून तिचा शब्द न् शब्द येत होता.

"आईला बरं न्हाय. मी जाऊ का हितंच ऱ्हाऊ? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."

मला एकच शब्द म्हणायचा होता. जा. किंवा काहीच न बोलता उठायचं होतं. ती आपोआप गेली असती. मग का? मी स्वतःला किती वेळा विचारलंय. तिचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. ती गेली तर दुपारी मला कुणी विचारणार नव्हतं, एवढंच होतं. असं मला कुणीच कधी विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "थांब."

ती थांबली. रात्रीत पाणी रस्त्यावर आलं आणि शिरोळकडची वाट बंद झाली. तिच्या आईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून छावणीत नेलं. तिथंच ती गेली. पाणी उतरल्यावर वडील आले. चपला हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. करुणा आत सामान भरत होती. मला म्हणाले, "शेवटपतूर दाराकडं बघत हुती तिची आई. तू हुतीस न्हवं जवळ? का आली न्हाय गं पोरगी?"

"तिनं प्रार्थना करून ठरवलं, काका," मी म्हणाले. म्हणजे दोष तिचा आणि देवाचा.

त्या संध्याकाळी मी पाइपात चिंध्या कोंबल्या, वर चिखल लिंपला. पुन्हा कधी तोंड लावलं नाही. करुणा दिवसकार्य उरकून परतली. एका दुपारी आम्ही दोघी तारेवर कपडे वाळत घालत होतो. ऊस सळसळत होता. ती मध्येच थबकली. मान वाकडी केली.

"आली बघा."

मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या तोंडात चिमटा होता. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. विचारलं, काय म्हणतोय?

"त्येच. थांब."

"आवाज कसा असतो गं?"

ती माझ्याकडं बघून हसली. अगदी सरळ. "तुमच्यावानीच की, ताई. पयल्यापास्नं. ओळखीच्या आवाजात बोलल्याबिगर आपल्याला कळायचं कसं?"

तिला समजलं होतं का? मी तिच्या डोळ्यांत खूप वेळ शोधलं. तिथं काही नव्हतं. समजलं असतं तर बरं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

वर्ष संपलं. ती घरी गेली. मी पुढं शिकले, लग्न केलं, आता मीच मुलींना शास्त्र शिकवते. ती मंदिरातल्या पोराची गोष्ट आली की दुसऱ्या बाईंना तास घ्यायला सांगते.

परवा एसटी स्टँडवर काका भेटले. पाठ वाकलीय, पण त्यांनीच मला ओळखलं. करुणा कशी आहे, विचारावंच लागलं. म्हणाले, "हाय घरात. दवाखान्यात नोकरी लागत हुती, गेली न्हाय. स्थळं बी आलती. सगळ्याला एकच — अजून जा म्हनालं न्हाय, म्हनती. दुपारचं दार लावून बसती. कानात प्राण आणून."

मग माझा हात धरला. "बाळ, तुझं लई नाव काढती ती. तू फोनवर सांगितलंस तर ऐकंल. नंबर दे की तुझा."

त्यांची गाडी लागली होती. मी नंबर सांगितला. शेवटचा आकडा बदलून. त्यांनी डोळे बारीक करून एकेक आकडा दाबला, मग मोबाइल लांब धरून मला परत वाचून दाखवला.

मी म्हणाले, बरोबर आहे.