११५२०० नव्हे, २५००००

"सायेब, तुमचं यंत्र चिनी बोलाया लागलंय," पाटील स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाले.

दुपारचा एक वाजला होता. पलूसजवळच्या पंप कारखान्यात मी बसवलेल्या टेस्ट-बेंचवर आकड्यांच्या मधेच कचरा अक्षरं येत होती. तीन वाजता गिऱ्हाईक कंपनीचा इन्स्पेक्टर येणार होता. बेंच नापास झाला तर रोटर तपासायचं काम पुण्याला जाणार आणि इथलं टेस्टिंग खातं बंद होणार. पाटील त्या खात्याचे सुपरवायझर, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. साताऱ्याच्या माणसाकडून, म्हणजे माझ्याकडून, बेंच करून घ्या, असं मालकांना त्यांनीच सांगितलं होतं.

बेंचमध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे, हौशी लोक वापरतात तसलाच. फिरत्या रोटरची थरथर सेकंदाला हजार वेळा मोजून तो कॉम्प्युटरला पाठवतो. एका वायरवरून, बिटामागून बिट. सेकंदाला किती बिट, तो बॉड रेट. मी ११५२०० ठेवला होता.

"स्पीड कमी करा की. सावकाश बोललं की समजतं."

"एका अक्षराला दहा बिट लागतात. ९६०० च्या कमी स्पीडवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. एका रीडिंगला सहा अक्षरं. म्हणजे हजाराऐवजी १६० रीडिंग. झटका मधेच निसटला तर खराब रोटर पास होईल."

"मग न्हाई चालायचं," पाटील लगेच म्हणाले.

केबल बदलली. बोर्डाची वायर कॉम्प्युटरला जोडणारा यूएसबी कन्व्हर्टर बदलला. कचरा तसाच. पावणेदोन झाले.

साताऱ्यात माझ्याकडे बेंच तपासताना आठवडाभर एक अक्षर चुकलं नव्हतं. मग फरक कुठे? तिथे मी बोर्ड त्याच्याच यूएसबीने लॅपटॉपला जोडला होता. इथे मधे वेगळा कन्व्हर्टर होता. मी कागद घेतला. बोर्डाचं घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देतं. भागिले ११५२००, म्हणजे एका बिटाला १३८.८९ ठोके. पण बोर्ड आठ-आठच्या गटानेच मोजतो. जवळचा आकडा १३६. दोन टक्के चूक. बोर्डावरच्या यूएसबी चिपचं घड्याळही तसलंच. साताऱ्यात दोघेही सारखेच चुकत होते, म्हणून त्यांचं जमत होतं. इथला कन्व्हर्टर मात्र बरोबर चालत होता, म्हणून बोर्डाशी जुळत नव्हता. त्यात पत्र्याच्या शेडमधल्या उकाड्याने बोर्डाचं घड्याळ आणखी सरकत असणार.

२५०००० ला भागून पाहिलं. चौसष्ट ठोके. आठ आठे चौसष्ट, बाकी शून्य.

"वेग दुप्पट करतोय," मी म्हणालो.

"आवं, अडखळणाऱ्याला आनी पळवताय व्हय?"

"या वेगाला भागाकार पुरा जातो. फक्त लांब केबलमध्ये एवढा वेग बिघडतो, ती आखूड लागेल."

पाटलांनी स्वतः पाना घेऊन बोर्डाचा डबा कॉम्प्युटरशेजारी आणला. दोन मीटरची केबल फूटभर झाली. सॉफ्टवेअरमधल्या वेगांच्या यादीत २५०००० नव्हताच. हाताने टाइप केला. दोन चाळीसला रीडिंग सुरू केलं. दहा मिनिटांत सहा लाख रीडिंग, कचरा शून्य.

इन्स्पेक्टर पाच मिनिटं आधीच आला. त्याने स्वतःचे तीन रोटर आणले होते. त्यातला एक मुद्दाम बिघडवलेला. कोणता, ते सांगेना. बेंचने दोन नंबरचा खराब दाखवला. त्याने मान डोलावली आणि रिपोर्टवर सही केली.

"च्यालासुदिक थांबला न्हाई गड्या," पाटील कपाळ पुसत म्हणाले.

११५२०० हा आकडा मी कित्येक वर्षं सवयीने टाकत आलो होतो. एकदाही भागून पाहिला नव्हता. आता आधी भागाकार करतो, आणि टेस्टिंगला तिऱ्हाईत कन्व्हर्टर लावतो.