दगडांच्या रिंगणातले आमचे हे

लग्न झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात हे मला स्कूटरवरून शहराबाहेरच्या एका माळावर घेऊन गेले. इतरांचे नवरे बायकोला सिनेमा दाखवत, टँकबंडवर तळ्याकाठी फिरवत. मला काय दाखवलं, तर दगड. कमरेएवढे, गोल उभे केलेले. हजारो वर्षांपूर्वी लोकांनी आपली मेलेली माणसं इथं पुरली आणि भोवती हे रिंगण केलं, असं यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. जवळच्या खेड्यातले लोक त्याला ‘राक्षस गुळ्ळु’ म्हणत, राक्षसांची देवळं. मी त्या राक्षसांच्या अंगणात बसून पोळी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला आणि मनात म्हटलं, बाई, तुझं कठीण आहे.

तेव्हापासून आम्ही जातोच आहोत. रिंगण मात्र दर खेपेला थोडं कमी झालेलं असतं. एक दगड कुणाच्या तरी फाटकाशी जाऊन उभा राहिला. काही फोडून घरांच्या पायाभरणीत गेले. मग कुणी उरलेल्यांवर चुन्यानं प्लॉटचे नंबर घातले, मग दारूच्या बाटल्या आल्या. शेवटी पलीकडच्या टेकडीवर दगडखाण सुरू झाली आणि सुरुंगांच्या हादऱ्यांनी उभे दगड कलंडायला लागले. बँकेतून निवृत्त झाल्यावर यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. कुणी नाही म्हणालं नाही आणि कुणी काही केलंही नाही. घरी आले की हे नल्लकुंट्यातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत नुसते बसून राहत. मी चहा ठेवायची, तो तसाच गार व्हायचा.

रविवारी खाण बंद असायची, म्हणून आम्ही रविवारी जायचो. गेल्या हिवाळ्यात एकदा माझा गुडघा दुखत होता. मी रस्त्यावर गाडीतच थांबले, हे एकटे आत गेले. थोड्या वेळानं हातात लाल फडकं घेतलेल्या एका माणसानं काचेवर टकटक केली.

“गाडी पीछे लेओ अम्मा. ब्लास्टिंग है.”

“आज? आज तो इतवार है!”

“काम बहुत बाकी है ना अम्मा. चलो, जल्दी.”

“हमारे साब अंदर हैं,” मी म्हणाले, तोवर शिट्टी वाजलीच.

हे मला तिथून दिसत होते. रिंगणाच्या मधोमध मांडी घालून बसलेले, पाठ आमच्याकडे. दार उघडून मी धावत सुटले, दुखरा गुडघा कुठल्या कुठे गेला. त्या माणसानं माझा हात घट्ट धरला. “आप नक्को जाओ, दोनों मरते!” दुसऱ्या हातानं तो फोन लावत होता आणि फोन लागत नव्हता. मी रस्त्यातच खाली बसले. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. यांना ऐकू कसं येत नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

एकदाचा फोन लागला. “आपु! आपु!” तो तेलुगूत ओरडला. थांबवा, थांबवा. त्या दिवशी सुरुंग उडाला नाही.

मी लंगडत रिंगणात पोचले, तर हे आरामात बसलेले.

“शिट्टी ऐकू नाही आली तुम्हाला?”

“आली की.”

“आणि तरी बसून राहिलात?”

“माणूस आत आहे म्हटल्यावर थांबतात ते,” हे म्हणाले. “थांबले की नाही? परेशान कशाला होतेस?”

“आणि त्यांना तुम्ही दिसलाच नसता तर?”

“मग तर खाण कायमचीच बंद पडली असती.”

भाजी नासली तर टाकून देऊ, अशा सुरात म्हणाले.

“आणि माझं काय?”

“तू लांब होतीस की. तुला काही लागलं नसतं.”

मला आधी रडू आलं, मग असा संताप आला की त्यातलाच एक दगड उचलून यांच्या डोक्यात घालावा. तो आठवडा मी धड झोपले नाही. गाडीची किल्ली लपवावी, मुलीला फोन करावा, सगळं मनात येऊन गेलं. पण जो माणूस इतक्या शांतपणे असं बोलतो, त्याला किल्ली लपवून किती दिवस अडवणार? शेजारी घोरत असले तरी मला यांची भीती वाटायला लागली होती.

पुढच्या रविवारी हे बूट घालायला लागले, तशी मीही निघाले. खाण आजही चालू होती, पण रस्त्यावर लाल फडकंवाला कुठं दिसला नाही. गाडीत थांबले नाही. यांच्या मागोमाग रिंगणात गेले आणि शेजारी बसकण मारली.

“तू इथं काय करतेस?”

“बसलेय. दोघं असलो तर लवकर दिसू.”

“वेडी आहेस का? जा, गाडीत बस.”

“नक्को,” मी म्हणाले.

उठून पळावंसं फार वाटत होतं. शिट्टी वाजली. हे खाणीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग परत खाणीकडे. तिकडून कुणी हात हलवला नाही, कुणी ओरडलंही नाही. यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“ऊठ,” हे म्हणाले. मी हलले नाही. “ऊठ ना गं!”

माझा दंड धरून, ओढत, ठेचकाळत यांनी मला रस्त्यापर्यंत आणलं. मागे सुरुंग उडाला, पायाखालची जमीन हादरली आणि रिंगणातलं काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज आला. यांनी वळून पाहिलं नाही. यांचा हात माझा दंड काही केल्या सोडत नव्हता.