सतराच्या पाढ्यावर बॉयलर

लोक कॅमेरा घेऊन माथेरानला जातात. मी मुलुंडच्या चेकनाक्यावर जायचो. ऐंशीच्या दशकात माझा रविवार सकाळचा उद्योग एकच होता. कोण काय वाहून नेतंय ते बघायचं आणि त्याचा फोटो काढायचा. हातगाडीवर उभी बांधलेली तीन लोखंडी कपाटं, सायकलला चहूबाजूंनी लटकवलेले तेलाचे रिकामे डबे (चौतीस; फोटोत मोजता येतात), गाद्यांनी इतका भरलेला टेम्पो की ड्रायव्हर गादीखालून मान काढून रस्ता बघतोय. फोटोच्या मागे मी ओझ्याचं अंदाजे वजन लिहीत असे. कपाट रिकामं आहे की भरलेलं, हे विचारल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. हिशेब खात्यातल्या नोकरीने ही सवय लागली होती. पाहुण्यांना अल्बम दाखवताना बायको आधीच सांगून ठेवायची, ‘‘यात माणसं शोधू नका, आमच्याकडे वजनाला मान आहे.’’

तिचं अगदी खोटं नव्हतं, पण दोष माझा नव्हता. काम करणारा माणूस काम करताना फोटोत सापडतच नसे. कॅमेरा दिसला की तो ओझं खाली ठेवी, खिशातून कंगवा काढी, शर्टाचं वरचं बटण लावी आणि स्टुडिओत उभा राहावा तसा ताठ उभा राही. ‘तुम्ही तुमचं चालू द्या’ असं म्हटलं तर त्याला तो अपमान वाटायचा. त्यामुळे माझ्याकडे एकट्या पडलेल्या हातगाड्या होत्या आणि शेजारी सावधान उभे असलेले हमाल होते. दोन्ही एकत्र, चालत्या स्थितीत, असा एकही फोटो नव्हता.

अशातच एका रविवारी आमच्या गल्लीत बॉयलर आला.

गल्लीच्या टोकाला कापड रंगवण्याचा छोटा कारखाना होता. त्यांचा नवा बॉयलर ट्रेलरवरून आला, पण ट्रेलर गल्लीत वळेना. म्हणून बॉयलर तोंडाशीच उतरवला आणि खाली लोखंडी पाइप टाकून, त्यांच्यावरून लोळवत न्यायचं ठरलं. सोळा माणसं आणि एक मुकादम. सगळे कोकणातले, पूर्वी गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्यावर अवजड सामान हलवायच्या कामाला लागले होते. मी मुकादमाला वजन विचारलं. तो म्हणाला आठ टन. माझा अंदाज साडेसात होता, त्यामुळे मी खूश झालो.

रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. तो बॉयलर आमच्या फाटकासमोरून जाताना घ्यायचा असं मी ठरवून टाकलं.

काम आरोळीवर चालायचं. मुकादम एक ओळ फेकायचा, बाकीचे ‘हैस्सा’ म्हणत एकदम जोर लावायचे. पुढचे दोरावर, मागचे पहारींवर. ओळी तो समोर दिसेल त्यावर जागच्या जागी जुळवायचा. आमच्या गॅलरीकडे बघून त्याने सुरू केलं, ‘‘पयल्या माळ्यार... हैस्सा! चाय उकळता... हैस्सा! आमका कोण विचारता... हैस्सा!’’ पहिल्या मजल्यावर आम्हीच राहत होतो. बायकोने निमूटपणे मोठं पातेलं चढवलं.

बॉयलर फाटकासमोर आला आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. लगेच सोळाच्या सोळा जणांनी दोर आणि पहारी सोडल्या.

‘‘सायबानू, वाईच थांबा. केस तरी विंचरूक देवा,’’ मुकादम म्हणाला. त्याचा आवाज तेव्हाच फाटल्यासारखा येत होता. मी म्हटलं, ओढतानाचा हवाय. तो म्हणाला, ‘‘घराक फोटो धाडूचो तो घामाच्या तोंडाचो कशाक?’’

मी कॅमेरा खाली घेतला. त्यांनी कंगवे खिशात घातले आणि पुन्हा दोर धरले. मुकादमाने तोंड उघडलं तर आतून फक्त हवा आली. आदल्या दिवशी तो कांजूरमार्गला दिवसभर ओरडला होता, आज सकाळपासून इथे. गळा पुरता बसला होता. तेवढ्यात पुढचा पाइप पाण्याच्या लाइनसाठी खणून मातीने बुजवलेल्या चरात रुतला आणि आठ टनांचा बॉयलर फाटक अडवून बसला.

एरवी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या मुलीचं त्याच सकाळी लग्न होतं. हॉल स्टेशनजवळ, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी, नवरी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून जिन्याशी. आणि आमच्या इमारतीला फाटक एकच. बॉयलर आणि खांब यांच्यामध्ये एक वीत जागा होती. मुहूर्ताला तासभरसुद्धा उरला नव्हता. मुलीचा मामा फाटकापासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. तो मला म्हणाला की तो तिला खांद्यावर घेऊन भिंत चढेल. मी त्याचं अंदाजे वजन केलं, तिचं केलं, भिंतीची उंची बघितली आणि नको म्हणालो.

गँगमधल्या एका तरुणाने आरोळी द्यायचा प्रयत्न केला. आवाज खणखणीत होता, पण ताल नव्हता. पुढचे ओढत तेव्हा मागचे श्वास घेत. मग मामा पुढे झाला. मंगलाष्टकं म्हणण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, असं त्याच्या बहिणीने सांगितलं. त्याने डोळे मिटून लांबलचक सूर लावला. माणसं दोर ताणून चार ओळी ताटकळली आणि शेवटी ‘सावधान’ कानावर पडताच सगळ्यांनी दचकून हात काढून घेतले. बॉयलर जागचा हलला नाही. नवरीला हसू आवरेना. तिची आई तिला गप्प करत होती आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसत होती.

तेव्हा वरून बायकोचा आवाज आला, ‘‘अहो, पाढे म्हणा ना! रोज संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगला ऐकवता, आज काय झालं?’’

आमच्या मुलीचं गाडं त्या महिन्यात सतरावर अडलं होतं. मी रोज तिच्याकडून मोठ्याने पाढा म्हणवून घेत असे. मी मुकादमाकडे बघितलं. त्याने हातानेच ‘करा’ म्हणून खूण केली. बायको चहाचं पातेलं घेऊन खाली आली होती. मी खांबाजवळच्या फटीतूनच कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला, बॉयलरच्या शेजारी विटांच्या ढिगावर चढलो आणि हात वर केला.

‘‘सतरा एके सतरा!’’

‘‘हैस्सा,’’ काहीजण बिचकत म्हणाले.

‘‘सतरा दुणे...’’

इथे मी श्वास घ्यायला थांबलो आणि एक विलक्षण गोष्ट घडली. ‘हैस्सा’ऐवजी सोळा गळ्यांतून ‘चौतीस!’ आलं. सगळे कोकणातल्या मराठी शाळांतून पाढे घोकून आलेले. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती. बॉयलर चरात डुलला.

‘‘सतरा त्रिक!’’ ‘‘एक्कावन्न!’’ ‘‘सतरा चोक!’’ ‘‘अडुसष्ट!’’

अडुसष्टला गॅलऱ्यांमधली माणसंही ओरडत होती. पंच्याऐंशीला पाइप चराच्या काठावर चढला. सतरा संपल्यावर मी न थांबता एकोणीस धरला. माझ्या आयुष्यात माझ्या शब्दावर कधी साधी कचेरीतली फाइल हलली नव्हती, आणि इथे आठ टन लोखंड हलत होतं. डोक्यात वारं शिरलं. मी दोन्ही हात नाचवायला लागलो. एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर, आणि त्या भरात मी गर्जना केली, ‘‘एकोणीस सक!’’

सोळा माणसं दोर ताणून, तोंडं उघडी टाकून माझ्याकडे बघत राहिली.

फाटकातून नवरीचा आवाज आला, ‘‘काका, पाचाचं राहिलं.’’

हिशेब खात्यातला माणूस, आणि अख्ख्या इमारतीसमोर एक पायरी खाल्ली. मी मान डोलावली आणि म्हटलं, ‘‘एकोणीस पंचे!’’ त्या ‘पंच्याण्णव’ला नवरी सगळ्यात मोठ्याने ओरडली. बॉयलर चर ओलांडून पलीकडे गेला आणि फाटक मोकळं झालं. मामाने तिचा हात धरून तिला जवळजवळ पळवतच नेलं. शालूचा काठ वर धरून ती पळत होती आणि वळून वळून गँगला हात करत होती. मुहूर्त गाठला. आम्ही जेवायला गेलो तेव्हा माझा आवाजही बसलेला होता, वाढप्याला जिलबी नको हे खुणेने सांगावं लागलं. त्याने खुणेचा अर्थ आणखी दोन असा घेतला.

रोल धुऊन आला तेव्हा कळलं की रोलमधला शेवटचा फोटो बायकोने काढला होता. कॅमेरा तिने तोवर कधी हातात धरला नव्हता. बॉयलरची फक्त मागची कड आली आहे, वजन अजिबात कळत नाही. मधोमध मी, विटांवर, तोंड फाकलेलं. आणि माझ्या मागे ती सगळी माणसं, दोर ताणलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या, केस कपाळावर. एकाचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही. पुढचा आकडा काय येतो, याकडे सगळ्यांचे कान.

एक प्रत नवरीने मागून नेली. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर तोच फोटो आहे, मंगळसूत्राचा त्याच्यानंतर. दुसरी मी कारखान्यावर जाऊन मुकादमाला दिली; गँग अजून तिथे बॉयलर बसवत होती. त्याचा गळा आता मोकळा झाला होता. त्याने फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला, सोबत्यांना दाखवला. मग परत माझ्या हातात ठेवला आणि खिशातला कंगवा काढला.

‘‘हो तुमका ठेवा,’’ तो म्हणाला. ‘‘आमचो आता नीट काढा.’’

मी नवा रोल घातला. सोळाजण आणि तो, बटणं लावून, ओळीत ताठ उभे राहिले.