एचडीतले पेडवे

आमच्या घरात एचडी टीव्ही आला तोवर बाबांनी मासे सोडून कित्येक वर्षं झाली होती. मालवणच्या माणसाने मासे सोडले हे ऐकून लोक आधी हसायचे, मग काळजीने विचारायचे, "डॉक्टर काय म्हणतात?" डॉक्टर बिचारे काय म्हणणार! बाबांचं दुखणं गिरणीचं होतं.

संप सुरू झाला तेव्हा बाबा लालबागच्या गिरणीत विणखात्यात साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. चाळीतल्या बाकीच्यांनी देवाला नारळ बोलले, कोणी सोमवार धरले. आमच्या तीर्थरूपांना काहीतरी जबरदस्त करायचं होतं. गावच्या देवाचं नाव घेऊन त्यांनी भर कॉमन गॅलरीत जाहीर केलं, "गिरणीचो भोंगो परत वाजापर्यंत माका मासो नको, म्हाराजा." माझी खात्री आहे, देवाने हे ऐकलंच नव्हतं. त्या दिवसांत अख्खं गिरणगाव त्याच्याशी एकाच वेळी बोलत होतं, लाइन लागली असेल कशाला?

भोंगा काही वाजला नाही. बाबा पुढे एका कचेरीच्या गेटवर बसू लागले, गिरणीचं धुराडं पाडलं, त्या जागेवर टॉवर उभा राहिला, तरी बाबा आपले वरण-भात आणि बटाट्याच्या कापांवर. "आता काय टॉवरचो भोंगो वाजतलो?" असं आई विचारायची. त्यावर बाबा म्हणायचे, "सबूर." या एका शब्दाचा मला इतका राग यायचा की काय सांगू. आम्ही मायलेकी शेजाऱ्यांकडे जाऊन चोरून मासे खायचो आणि बडीशेप चघळत घरी यायचो. आईला मात्र ते गोड लागत नसे. नवऱ्याला आपल्या हातचं माशाचं तिखलं वाढायचं, एवढी एकच इच्छा तिने धरून ठेवली होती आणि ती पुरी होण्याचं चिन्ह दिसत नव्हतं.

जुन्या टीव्हीवर बाबा प्राण्यांचे कार्यक्रम बघायचे. त्यात त्यांच्या व्रताला काहीच धोका नव्हता, कारण त्या टीव्हीत सगळेच मासे सुके दिसायचे. शार्क म्हणा, पापलेट म्हणा, सगळी सुकट. मग मी हौसेने नवा टीव्ही आणला, डबा एचडीचा लावला, आणि पहिल्याच रविवारी दुपारी समुद्राचा कार्यक्रम लागला.

निळ्या पाण्यात लाखो पेडवे एकदम वळले. एकेका पेडव्याचं एकेक खवलं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट! हिंदीत बोलणारा गंभीर आवाज सागराची अद्भुत लीला वगैरे समजावत होता. आई हातातली भाजी सोडून टीव्हीला नाक लावून उभी राहिली आणि बाजारात करते तशी तपासणी सुरू केली.

"डोळे बघ गो कशे टवटवीत आसत! आताचे आसत, आताचे." मग तिला पाण्यात कॅमेरा घेऊन पोहणारा गोरा माणूस दिसला. "आणि ह्यो मेलो पाण्यात उतरान नुसते फोटोच काढता? जाळा नाय न्हेल्यान?"

मी हसत सुटले. बाबा हसले नाहीत. त्यांनी आवंढा गिळला. तो मला तितकाच स्पष्ट दिसला, आणि आईलाही. तिथून पुढे आईने हातात रिमोट घेतला तो सोडला नाही. बाबा घरात असले की समुद्र लावायची. खेकडा चालला की त्याच्या नांग्यांचं वर्णन करायची, कोलंबी दिसली की "हेत थोडा खोबरा" म्हणून सुस्कारा टाकायची. तपश्चर्येला बसलेल्या ऋषीपुढे अप्सरा पाठवतात ते मी कीर्तनात ऐकलं होतं. आमच्याकडे कोलंबी पाठवत होते.

एकदा देवमासा लागला. अंगावरचे शंखशिंपले दिसावेत इतका जवळून घेतलेला, आणि त्याने खोल, लांबलचक साद घातली. खिडकीच्या काचा थरथरल्या. बाबा ताडकन उठून उभे राहिले आणि सवयीने खुंटीवरचा सदरा काढू लागले. पहिल्या पाळीला निघाल्यासारखे!

आई ओरडली, "भोंगो झालो! ऐकलात मा तुमी?"

बाबा ओशाळून खाली बसले. "तो मासो आसा."

"नुसतो मासो नाय, देवमासो! नावातच देव आसा. आणखी कोणी येवन सांगूक व्हया तुमका?"

बाबांनी यावर खरंच विचार केला. मग म्हणाले, "मासो खावक माशाचीच परवानगी? असा खंय असता?" आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

ज्या कार्यक्रमात खाण्यासारखं काहीच नव्हतं, तो आईने पाहिलाही नाही. बर्फाचा डोंगर होता. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटं तो कसा काढला ते दाखवत होते, आणि तेवढं इंग्रजीत राहिलं होतं, म्हणून बाबा मला विचारत होते. एक दाढीवाला कॅमेरामन दगडाआड छोट्या तंबूत बसला होता. बर्फातला बिबट्या यावा म्हणून. दाढीत बर्फ साठलं होतं. कॅमेरा इतका चांगला की एकेक कण दिसत होता.

"कधीपासून बसलोहा?" बाबांनी विचारलं.

"अख्खा हिवाळा."

"हेचो संप कधी मिटतलो?" बाबा स्वतःच हसले. मग पुढे सरकून बसले. "बिबटो इलो?"

"नाही आला. नुसते पायाचे ठसे मिळाले."

"मगे?"

पडद्यावर कॅमेरामनने लेन्स पुसली, तंबू गुंडाळला, पाठीवर सामान टाकलं आणि हसत हात हलवून तो उतरू लागला. "मग काय," मी म्हटलं, "घरी गेला."

"घराक गेलो? तेका कोण काय बोलला नाय?"

"कशाला बोलतील, बाबा? बसला ना बिचारा एवढा."

टीव्हीवर आता साबणाची जाहिरात चालू होती. बाबा आत तोंड करून म्हणाले, "बाजारात बांगडे इलेत काय, बघ गो."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई बाहेर आली, बाबांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि मग तिच्या लक्षात आलं. "आजचो बाजार उठलो, आणि उद्या सोमवार!" सोमवारी आमच्याकडे मासा शिजत नाही, मंगळवारी तर नाहीच. इतकी वर्षं वाट बघितलेली बाई त्या दिवशी कॅलेंडरवर दात-ओठ खात होती.

मंगळवारी संध्याकाळी गाववाले काका गाऱ्हाणं घालायला आले. पुरा न झालेला नवस सोडवायचा कसा हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. नारळ धरून उभे राहिले आणि बाबांनी सांगितलेलं सगळं त्यांनी बिनदिक्कत देवाच्या कानावर घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान भोंग्याची वाट बघल्यान, भोंगो इलो नाय. तो कॅमेरेवालो पण बिबट्याची वाट बघून घराक गेलो. तशी हेकाय आता सुट्टी दी रे म्हाराजा!" चाळ एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मी हसू दाबायला तोंडावर पदर घेतला, तर शेजारी बाबा ढसाढसा रडत होते.

बुधवारी आईने बाजारात कोळणीला हैराण केलं. एकही बांगडा तिच्या पसंतीला उतरेना. "टीव्हीत हेच्यापेक्षा बरे दिसतत," म्हणाली. कोळीण म्हणाली, "मंग टीव्हीतूनच काढून घे की गो, माझं डोकं कशाला खातंस!"

दुपारी तिखल्याच्या वासाने सगळा मजला दारात उभा राहिला. बाबांनी घास घेतला आणि गडबडले. काटा! सवयच गेली होती. भर चाळीसमोर मालवणी माणूस बांगड्याच्या काट्याला अडला, याहून मोठी नाचक्की नाही. पण कोणी हसलं नाही. आई त्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसली, त्यांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि लहान मुलाला देतात तसे काटे काढून एकेक तुकडा त्यांच्या भातावर ठेवू लागली.

"गिरण गेली, जावंदे," ती मान वर न करता म्हणाली. "तुमी इल्यात मा घराक."

"इलंय गो," बाबा म्हणाले, आणि भाताचा पुढचा घास कालवला.