ओढलं की निघतं!

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, कॅबिनेटमधल्या धुळीसारखे आपोआप साचतात. आमच्या सातपूरच्या दुकानात तर ते एकाच माणसामुळे साचतात. मालक, अप्पा. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला, म्हणून माझी अक्कल शून्य. अप्पांचे केस पांढरे, म्हणून त्यांची शंभर नंबरी!

*

प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर कूलर, म्हणजे पंखा लावलेला धातूचा ठोकळा, बसवतात. दोघांमध्ये लावलेली पेस्ट सुकली की तिचं सिमेंट होतं आणि नवी लावायला कूलर निघता निघत नाही. अशा वेळी मशीन थोडा वेळ चालवायचं, पेस्ट नरम होते. मग बंद करून प्लग काढायचा, क्लिप सोडवायची, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचा. सुटला की उचलायचा. बस्स!

अप्पांची पद्धत : "ओढलं की निघतं!"

निघतंच की. एका क्लासवाल्या मॅडमच्या मशीनचा कूलर ओढला, तर प्रोसेसरही उपटून आला. पिना वाकड्या.

"मॅडम, तुमचा आधीच गेलेला होता."

वर त्याच सॉरी म्हणाल्या!

*

चालूच न होणाऱ्या एका मशीनची पेस्ट नरम करायला मी हेअर ड्रायर मागितला.

"पार्लर काढायचंय का रे?"

अप्पांनी कूलरखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि पहारीसारखा दाबला. मदरबोर्डला तडा!

"चायनाचा माल!"

दसऱ्याला त्याच स्क्रू-ड्रायव्हरला हळद-कुंकू. दुकानातल्या सगळ्या मशीनवर झेंडू. "यंत्राचा मान ठेवावा, तुम्हा पोरांना काय कळणार!" एक पाकळी एका मशीनच्या पंख्यात अडकली, ती मी काढायला गेलो तर अप्पांनी हातावर फटका मारला. पंखा जळला, मान राहिला.

*

परवा माझ्याच वयाचा एक जण वडिलांना घेऊन आला. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. आता उजवी बाही कोपरापासून रिकामी. डाव्या हाताने माउस धरून ड्रॉइंगचं काम शिकलाय, सोमवारी एका ऑफिसात टेस्ट आहे. आणि मशीन तापून सारखं बंद पडतंय.

"घरात एवढंच आहे साहेब," वडील म्हणाले. "दुसरं घेणं होणार नाही. जरा जपून."

मी म्हटलं, "अप्पा, आधी थोडं चालवून गरम करू."

"तू गप!" अप्पांनी मला कोपराने बाजूला सारलं. क्लिप सोडवली. दोन्ही हातांनी कूलर धरला. वडिलांनी डोळे मिटले.

"घाबरता काय हो? ओढलं की निघतं!"

तो पोरगा हसला.

"माझा हात अडकला तेव्हा सुपरवायझरपण हेच बोलला होता."